खाडीवर पक्षी दिसत नाहीत? घड्याळाआधी तिथी बघा

तुमचा प्रश्न मला असा समजला. ऐरोलीत नव्याने राहायला आलात, खाडी घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. लागोपाठ तीन रविवार सकाळी साडेसहाला जाऊन आठपर्यंत उभे राहिलात. पहिल्या रविवारी नजर पोचेल तिथवर चिखल आणि त्याच्या पार टोकाला हलणारे ठिपके. दुसऱ्या रविवारी चिखल गायब, तिवरांच्या बुंध्यापर्यंत पाणी, आणि दोन बगळे. तिसऱ्या रविवारी पुन्हा ठिपके. फ्लेमिंगो एकही नाही. २० x ५० च्या दुर्बिणीत जे काही सापडलं ते सगळं एकाच तपकिरी रंगाचं. आणि शेवटी विचारलंय की जागा चुकली का, की आता मोठी लेन्स घ्यावी.

लेन्सचे पैसे तूर्त खिशात राहू द्या. जागाही चुकलेली नाही. ठाणे खाडी २६ किलोमीटर लांब आहे, २०१५ साली तिचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये तिला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ ही ओळख, मिळाला, आणि तुम्ही राहता ते ऐरोली तिच्या ऐन काठावर. पक्षी बघायला लोक पुण्याहून पहाटे निघून इथे येतात. तुमची चुकतेय ती वेळ. उठायला उशीर झाला असं मात्र मी म्हणत नाहीये. उलट ज्या दिवशी चिखल लांबवर होता, त्या दिवशी तुम्ही जरा लवकरच गेलात आणि त्याहून लवकर परत आलात.

असं बघा. माळावर, जंगलात, तळ्याकाठी सकाळ ही सगळ्यात चांगली वेळ, हे आपण सगळे पहिल्या दिवसापासून ऐकतो. ते खरंही आहे. पण खाडीच्या चिखलावर पोट भरणाऱ्या पक्ष्याला सकाळ-संध्याकाळशी फारसं देणंघेणं नसतं. चिखलात किडे, शिंपले, बारके खेकडे असतात. चिखल उघडा पडला की त्याचं जेवण सुरू आणि बुडाला की विश्रांती, मग तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असोत की रात्रीचे. आपल्याकडे दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या. एका भरतीपासून दुसरी साधारण १२ तास २५ मिनिटांनी. म्हणजे भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आता हे ५० गुणिले ७ करा. आठवड्याभरात जवळपास सहा तास. म्हणजेच या रविवारी सकाळी साडेसहाला ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळी भरती, आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा ओहोटी. तुमच्या तीन रविवारांचं कोडं एवढंच आहे. दर रविवारी ठरलेल्या वेळी खाडीवर जाणारा माणूस आलटून पालटून दोनच गोष्टी बघतो: लांबचे ठिपके आणि नुसतं पाणी.

मला हे कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी मीही रविवारीच जायची. दिवा कोळीवाड्याच्या बाजूला एक मावशी ओहोटीला चिखलात उतरून शिंपल्या आणि खेकडे काढायच्या. मी दुर्बीण गळ्यात अडकवून घड्याळात बघत ताटकळलेली. त्या टोपली कमरेवर घेऊन वर आल्या, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "घड्याल कनाला बघतंस बाय? तिथ बघ." मग चिखलाच्या बोटांवरच हिशेब करून दाखवला. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीन वाजता, दुपारी आणि रात्रीही. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पुनवेला आणि अवसेला पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराकडे झुकतं. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी.

कोकण किनाऱ्यावर हा हिशेब सगळ्या कोळीवाड्यांत आहे. तो अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी मी मोबाइलवर मुंबई बंदराची भरती-ओहोटीची वेळ बघतेच. पण 'पुढच्या शनिवारी जमेल का' हे ठरवायला भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. एक दुरुस्ती मात्र लक्षात ठेवा. वेळापत्रकातली वेळ असते मुंबई बंदराची. पाण्याला तिथून खाडीत आत ऐरोलीपर्यंत यायला वेळ लागतो. मी साधारण अर्धा तास जास्त धरते. वाशीला जरा कमी, ठाण्याकडे जरा जास्त.

आता मुख्य मुद्दा. ओहोटीला चिखल दिसतो म्हणून पूर्ण ओहोटीला जायचं, ही दुसरी चूक. आपल्याकडे पाण्याची चढउतार मोठी आहे. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पुनव-अवसेच्या आसपास, भरतीचं पाणी साडेचार मीटरच्या वर जातं आणि ओहोटीला अर्ध्या मीटरच्या आसपास उतरतं. खाडीचा तळ उथळ आणि सपाट, त्यामुळे पाणी काठापासून खूप दूर सरकतं. पक्षी पाण्याच्या कडेने सरकतात, कारण तिथला चिखल मऊ असतो आणि त्यातले किडे वरच्या थरात असतात. तुम्ही काठावर, ते पार तिकडे. तुमचे ठिपके ते हेच.

मला हवं असतं चढतं पाणी. भरतीच्या तीन तास आधी जाऊन उभं राहायचं. पाणी चिखल गिळत काठाकडे येतं आणि पक्ष्यांना पुढे ढकलत आणतं. तुम्हाला त्यांच्याकडे जावं लागत नाही, तेच तुमच्याकडे येतात. भरतीला सव्वा तास उरला की काठाजवळचा शेवटचा पट्टाही बुडतो आणि थवे उठून निघून जातात. म्हणजे खेळ पावणेदोन तासांचा. आता तुमचा पहिला रविवार आठवा. तुमच्या वर्णनावरून ती पुनव किंवा तिच्या आसपासची तिथी असणार. ऐरोलीला भरती बाराच्या सुमारास. पक्षी काठाकडे सरकायला लागले असतील नवाच्या पुढे. तुम्ही आठला निघालात. ते आले तेव्हा तुम्ही घरी पोहे खात होतात.

उतरतं पाणीही चालतं. भरती होऊन अडीच-तीन तास झाले की काठाजवळचा चिखल नुकता उघडा पडायला लागतो आणि उपाशी थवे पहिल्यांदा तिथेच उतरतात. फक्त मग ते पाण्यामागे लांब लांब जातात, म्हणून ही संधी अर्ध्या-पाऊण तासाची.

सकाळच्या हिशेबात हे तिथींवर बसवलं तर असं येतं. एकादशी ते त्रयोदशी: साडेसहा ते नऊच्या दरम्यान चढतं पाणी, सगळ्यात उत्तम. चतुर्दशी, पुनव, अवस: तेच, पण आठ-साडेआठनंतर. तृतीया ते पंचमी: भल्या पहाटे भरती होऊन गेलेली, उजाडता उजाडता उतरतं पाणी. सप्तमी ते नवमी: सकाळी खाडी भरलेली. त्या दिवशी चिखलाचा नाद सोडायचा. कोळी या दिवसांना भांग म्हणतात. पाणी ना फार चढत, ना फार उतरत.

पण खाडी भरलेली असताना पक्षी जातात कुठे, हेही बघण्यासारखं आहे. कर्ल्यू या वाकड्या चोचीच्या पक्ष्याचा छोटा भाऊ व्हिंब्रेल आणि टेरेक सँडपायपर, दोघेही चिखलावर चरणारे, चक्क तिवरांच्या शेंड्यावर जाऊन बसतात. चिखलात धावणारा पक्षी झाडावर बघून पहिल्यांदा मी डोळे चोळले होते. बाकीचे थवे मिठागरांत आणि काठामागच्या पाणथळींत उतरतात. नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर फ्लेमिंगो भरतीच्या वेळीच येतात, ते याच कारणाने. तिथे ते एका पायावर झोपलेले असतात, दाटीवाटीने, कधी कधी रस्त्यावरून दिसतील इतके जवळ. तुमच्या दुसऱ्या रविवारी तुम्ही ऐरोलीऐवजी तिकडे असायला हवं होतं. या पाणथळी वाचवण्यासाठी लोक का भांडतात तेही यातून कळतं. भरतीची जागा गेली तर समोरचा चिखल कितीही राखला तरी पक्ष्याला सहा तास टेकायला जागा उरत नाही.

तिथीनंतर बघायचा तो सूर्य. तुम्ही खाडीच्या पूर्व काठावर आहात, तोंड पश्चिमेला. सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून पक्ष्यांवर पडतं, रंग चोख दिसतात. संध्याकाळी त्याच जागेवरून सगळे पक्षी काळ्या कागदातून कापून काढल्यासारखे दिसतील. पलीकडच्या काठावर, भांडुपला किंवा शिवडीला, नेमकं उलटं: सकाळी ऊन डोळ्यांत, दुपारनंतर पाठीशी. म्हणून माझा साधा नियम असा की चढतं पाणी सकाळी असेल तर नवी मुंबईचा काठ, दुपारी असेल तर मुंबईचा. दहा-साडेदहानंतर चिखलावरची हवा तापून नाचायला लागते. मग दुर्बीण लाखाची असली तरी पलीकडचा पक्षी पाण्यात पडलेल्या सावलीसारखा हलतो. अवस-पुनवेची सकाळ या एका कारणाने मला दुय्यम वाटते, कारण पाणी यायला लागेपर्यंत ऊन चढलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत चालतं, मार्चमध्ये नाही.

फ्लेमिंगोंचं मात्र थोडं नशिबावर आहे. त्यांची वीण कच्छच्या रणात. तिथे पाऊस किती झाला, पाणी किती दिवस टिकलं, यावर त्यांचं इकडे येणं ठरतं. काही वर्षी नोव्हेंबरातच हजर, काही वर्षी जानेवारी उजाडतो. तुमचे तीन रविवार नोव्हेंबर-डिसेंबरचे आहेत, त्यामुळे ते दिसले नाहीत यात तुमचा दोष असेलच असं नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंत चुकवणंच कठीण. आणखी एक शंका आहे. तुम्ही गुलाबी रंग शोधत होतात का? पिल्लं पहिली दोन-तीन वर्षं मळकट राखाडी असतात. लांबून बघणारा नवखा माणूस त्यांना राखी बगळा समजून पुढे जातो. रंग विसरा, चोच बघा: मधेच मोडल्यासारखी खाली वळलेली. मोठ्या रोहिताची (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच) चोच गुलाबी आणि टोकाला काळी, छोट्या रोहिताची गडद, लांबून काळीच वाटणारी. ठाणे खाडीत गर्दी छोट्यांची. ते पाण्यातलं शेवाळ गाळून खातात, आणि शहराचं सांडपाणी त्या शेवाळाला खत पुरवतं. हे वाचून बरं वाटावं की वाईट, ते माझं अजून ठरलेलं नाही.

आता दुर्बिणीकडे वळू. २० x ५० म्हणजे वीस पट मोठं दिसणार, हे ऐकायला छान. पण हात हलतो तोही वीस पट. शिवाय ५० म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. त्या ५० ला २० ने भागा, अडीच येतात. इतक्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत तुमच्या डोळ्यात शिरतो. ८ x ४२ मध्ये तोच सव्वापाच मिलिमीटर. सकाळच्या मंद उजेडात तुम्हाला सगळं तपकिरी दिसलं यात त्याचाही वाटा आहे. आणि वीस पटीत नजरेचा आवाका इतका चिंचोळा की उडता पक्षी सापडेपर्यंत तो ऐरोलीहून विक्रोळीला पोचतो. घ्यायचीच तर ८ x ४२ किंवा १० x ४२ घ्या. खाडीसाठी मी दहाची वापरते, झाडीतल्या पक्ष्यांसाठी आठची बरी. आधीची फेकू नका. स्वस्तातल्या ट्रायपॉडवर ती घट्ट बसवली तर स्कोपचं, म्हणजे एका डोळ्याने बघायच्या मोठ्या दुर्बिणीचं, निम्मं काम करते. ट्रायपॉड नसेल तर कठड्यावर धान्याची छोटी पिशवी ठेवून तिच्यावर टेकवा. माझ्याकडे तांदळाची आहे, मुलीने शिवून दिलेली.

आता सगळ्यांना छळणारा भाग, तपकिरी पक्षी. पहिलं वर्षभर मी माझ्या वहीत ज्याला ग्रीनशँक लिहीत होते त्यातले निम्मे मार्श सँडपायपर होते, हे मला नंतर कळलं. त्यामुळे धीर सोडू नका. (नावं इंग्रजीच देतेय. या पक्ष्यांची मराठी नावं पुस्तकागणिक बदलतात, आणि एकाचं नाव दुसऱ्याला लागलेलं मी पाहिलंय. काठावर भेटणारे लोकही हीच नावं घेतात.)

वीस पक्षी एकदम ओळखायला जाऊ नका. एक निवडा, त्याला पाठ करा, मग बाकीच्यांची त्याच्याशी तुलना करा. माझा मापदंड रेडशँक. आपल्या खाडीत तो नेहमीचा, साळुंकीपेक्षा थोडा मोठा, पाय गाजरासारखे केशरी-लाल, चोचीचं बूडही लालसर. उडाला की पंखांच्या मागच्या कडेला पांढरी जाड पट्टी चमकते. आणि तो सगळ्यांच्या आधी घाबरून ओरडतो, तीन सुरांची खाली उतरत जाणारी शीळ, त्यामुळे न बघताही कळतो.

एका द्वादशीची सकाळ सांगते. पाणी चढायला लागलं होतं. चिखलावर फ्लेमिंगोंनी पाय आपटत गोल फिरून केलेली कडी होती, बांगडीसारखी, आणि पाणी आधी त्या कड्यांत शिरत होतं. एक रेडशँक माझ्यापासून जेमतेम वीस फुटांवर आला. दोन पावलं, एक टोच. दोन पावलं, एक टोच. मग चोच थेट डोळ्यापर्यंत आत. त्याने एक लालसर किडा ओढायला सुरुवात केली. किडा ताणला, तुटेल असं वाटलं, तर तो थांबला, पकड सैल न करता जरा वाट बघितली आणि पुन्हा हळूच ओढला. अख्खा बाहेर आला. मग किडा चोचीत धरून चार पावलं पाण्यापर्यंत धावला, बुडवून चिखल धुतला आणि गिळला. शेजारी एक निवटी, चिखलावर सरपटणारा मासा, डोळे वटारून हे सगळं बघत होती. एवढं एकदा बघितलंत की रेडशँकची चोच किती लांब, पाय किती लांब, चाल कशी, हे पुस्तकात शोधावं लागत नाही.

मग बाकीचे त्याच्या शेजारी उभे करा. चोच डोक्याच्या दीडपट म्हणजे रेडशँक. त्याच्याहून उंच, चोच सरळ, लांबलचक आणि बुडाशी गुलाबी, डोकं खाली घालून शिवणयंत्रासारखी टाके घालत चाललेली: ब्लॅक-टेल्ड गॉडविट. त्याच्याहून मोठा आणि चोच विळ्यासारखी खाली वाकलेली: कर्ल्यू, त्याचंच छोटं रूप व्हिंब्रेल. रेडशँकहून बारीक, काड्यांसारखे लांब पाय, सुईसारखी चोच: मार्श सँडपायपर. रेडशँकहून थोडा मोठा, पाय हिरवट, जाड चोच किंचित वर वळलेली: ग्रीनशँक. याच दोघांत मी वर्षभर फसत होते. चोच चांगलीच वर वळलेली आणि सातची लोकल सुटतेय अशा थाटात वाकून धावत सुटलेला: टेरेक. चिमणीएवढा, खाली मान घालून सतत टोचत राहणारा: लिटिल स्टिंट.

यांच्यात एक गट अगदी वेगळा चालतो. तो म्हणजे प्लवर, आपले चिखले. ते चोच खुपसून चाचपत नाहीत, डोळ्यांनी शिकार करतात. म्हणून धाव, थांब, बघ, टिप. मुलांच्या 'स्टॅच्यू'च्या खेळासारखं. लांबून रंग दिसत नसला तरी ही चाल दिसते, आणि चालीवरून अर्धे पक्षी बाजूला काढता येतात. आपल्याकडे शेकड्यांनी दिसणारा लेसर सँड प्लवर आता दोन जातींत विभागलाय. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तुम्हाला तिबेटन सँड-प्लवर असं नाव दिसेल. जुन्या पुस्तकात शोधून सापडलं नाही म्हणून दुर्मिळ पक्षी बघितला असं समजू नका. दर हिवाळ्यात एकजण तरी समजतो.

एक सोय अशी की हेच तपकिरी पक्षी एप्रिलमध्ये, परत जायच्या आधी, विणीचा रंग चढवतात. गॉडविटची मान विटेसारखी लाल होते, त्या प्लवरची छाती केशरी. हिवाळाभर चालीवरून ओळखायला शिकलात की एप्रिलमध्ये रंग बघून उत्तरपत्रिका तपासता येते. पावसाळ्यात मात्र फारसं काही नसतं. बगळे, खंड्या, ब्राह्मणी घार, आणि छत्री सांभाळणारे आपण. ऑगस्टपासून पहिले पाहुणे पुन्हा उतरायला लागतात.

थोडं सावधगिरीचं. चिखलात उतरायचं नाही. मावशी उतरतात कारण त्यांना कुठला चिखल धरतो आणि कुठला सोडतो ते लहानपणापासून माहीत असतं. मी एकदा गॉडविटच्या फोटोसाठी फक्त चार पावलं गेले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. पाणी चढतं होतं. वर यायला दहा मिनिटं लागली, एक चप्पल अजून तिथेच आहे. तिवरांत साप असतात, कोल्हेही असतात; कोल्हे आपणहून टळतात, सापाचं तसं सांगता येत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, नाहीतर डास तुम्हाला दुर्बीण स्थिर धरू देणार नाहीत. निर्जन पट्ट्यावर मी आजही एकटी जात नाही, तुम्हीही जोडीने जा. कुठल्या वाटेने आत सोडतात ते बदलत राहतं, विशेषतः भांडुपच्या बाजूला, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायला बोट सुटते. तिची वेळ रोज वेगळी का असते हे आता तुम्हाला विचारावं लागणार नाही.

आणि कुरवांना (सीगलना) शेव-गाठ्या टाकू नका. फोटो छान येतात हे मान्य. पण मासे-किडे खाणाऱ्या पक्ष्याला तळलेलं बेसन भरवून आपण त्याचं भलं करत नाही. फ्लेमिंगो उडावेत म्हणून टाळ्या वाजवणारे, ड्रोन सोडणारेही भेटतील. चढत्या पाण्यात पक्ष्याकडे जेवायला शेवटचा तासभर उरलेला असतो, त्यातले एका उड्डाणाला किती जातात ते मोजून बघा.

थोडक्यात सांगायचं तर आधी तिथी, मग सूर्य कुठे आहे ते, मग ऋतू, आणि दुर्बीण सगळ्यात शेवटी. तुमचा तिसरा रविवार अवसेचा किंवा तिच्या आसपासचा असणार, कारण पहिल्याच्या बरोबर चौदा दिवसांनी तेच दृश्य परत आलं. म्हणजे येत्या रविवारी सकाळी पुन्हा पाणीच पाणी, तेव्हा ऐरोलीला जाऊ नका, नेरूळकडे जा. त्याच्या पुढचा शनिवार त्रयोदशीच्या आसपास येतो. तेराची पाऊणपट पावणेदहा, ऐरोलीसाठी अर्धा तास वाढवा, सव्वादहा. सव्वासातला काठावर पोचा, नऊपर्यंत हलू नका. पहिला अर्धा तास काहीच घडत नाही असं वाटेल. तेवढ्यात एक रेडशँक शोधून ठेवा आणि त्याच्या डोक्याच्या मानाने चोच किती लांब आहे ते वहीत काढा. चित्र वाकडं आलं तरी चालेल. मग शेजारी कोण येऊन उभं राहिलं ते मला कळवा.